कुडी

दव उतरल्याशिवाय तंबाखूत शिरायचं नाही.
ओल्या पानानं अंग भिजलं
की दुपारपर्यंत भोवळ येते.
हे आक्काताईनं मला पुस्तकांच्या आधी शिकवलं.

म्हणून आम्ही जत्राटच्या बांधावर बसायचो
बाबगोंडाच्या तीन एकरांकडे पाठ करून,
वेदगंगेवरचं धुकं उठेपर्यंत.

मग खुडा.
कमरेएवढं झाड, वर मिटलेल्या कळ्यांचा झुबका,
केसाळ, चिकट, टोकाला जरा गुलाबी.
खालून चौदा पानं मोजायची
आणि पंधराव्याच्या आधी
अंगठ्याचं नख.

झाडाला ठाऊक असतं, आपण आता बी होणार.
मुळांनी काळ्या रानातून ओढलेलं सगळं
त्या टोकाकडे निघालेलं असतं.
टोकच गेलं की ते वाटेत घुटमळतं,
पानात वळतं.
पान जाड होतं, कडू होतं.
त्या कडूपणाचाच भाव निपाणीत लागतो.

शेजारच्या सरीत गंगव्वा.
तिला मराठी हिशेबापुरती,
मला कानडी शिव्यांपुरती.
'कुडी चिवुटु, कुडी!' ती ओरडायची
आणि माझा हात थबकायचा.
आमच्यात कुडी म्हणजे देह,
जीव गेल्यावर मागं उरतो तो.
तिच्यात कुडी म्हणजे कोवळा शेंडा,
आणि (हे फार उशिरा कळलं)
घराण्याला फुटलेलं लेकरू.

'काय बघत उभारलीस गं,' आक्काताई म्हणायची,
'झाड दुखतंय म्हणत न्हाई.'

म्हणत नाही खरं.
पण आठ दिवसांत प्रत्येक पानाच्या बगलेत
एकेक डोळा उघडायचा.
शेंडा होता तोवर सगळे झोपलेले;
आता जो तो शेंडा व्हायला उठलेला.
पिलं म्हणतात त्यांना.
'चला, पिलं काढायला,' मुकादम दारात हाक द्यायचा
इतक्या साध्या आवाजात.
काढली की पुन्हा. त्या खालून पुन्हा.
तिसऱ्या फेरीला आमची बोटं काळी
आणि झाड अजून हिरवंच.

संध्याकाळी माती चोळून हात धुवायचे,
तरी भाकरी कडू लागायची.
आक्काताई तुकडा कागदात धरून खायची,
पाहुण्यासारखी, आपल्याच घरात.

कॉलेजात मी खोडाचा आडवा छेद घेतला.
पाण्यात तरंगणारी चकती,
तिच्यात लाल रंगलेल्या जलवाहिन्यांचं कडं.
मॅडमनी फळ्यावर लिहिलं: अग्रप्रभुत्व.
शेंड्यातून काहीतरी खाली उतरतं
आणि बगलेतल्या कळ्यांना गप्प बसवतं.
मी वहीत उतरून घेतलं.
वहीच्या पानाला तंबाखूचा वास होता,
बाकावरची पोरगी जरा सरकून बसली.

एक सांगायचं राहिलं.
विहिरीजवळ बाबगोंडा पाच झाडं राखायचा.
त्यांना हात लावायचा नाही.
जुन्या धोतराच्या पिशव्या करून
त्यांची डोकी बांधायची,
परक्या जातीचा पराग नको म्हणून.
तिन्हीसांजेला पिशवीत फुलं उघडायची,
पतंग बाहेरून धडका मारायचे,
आणि आत ज्याचा त्याचा पराग
ज्याच्या त्याच्या कुक्षीवर पडायचा.
मग बोंडं. बोंडात बी,
इतकं बारीक की श्वास धरून ओतायचं.
पुढच्या सालचं सगळं रान
त्याच्या मुठीत मावायचं
आणि मूठ रिकामीच वाटायची.
राखेत कालवून पेरायचं ते,
मातीआड करायचं नाही. त्याला उजेड लागतो.

परवा निपाणीच्या स्टँडवर गंगव्वा भेटली.
चिकोडीची गाडी चुकलेली, गुडघा बांधलेला.
मी कुठं असते, तिनं विचारलं.
म्हटलं, पोरांना झाडाचे भाग शिकवते.
ती हसली, मग माझ्या रिकाम्या कडेकडे बघून:
'कुडी यष्ट?'

एकच, मी म्हटलं
आणि छातीवर हात ठेवला.

तिनं तो हात धरून उलटा केला,
अंगठ्याचं नख पाहिलं.
'हो,' म्हणाली, 'अजून काळं हाय.'